रात्री आठ ते नऊ

लातूर,
रविवार, 5 जानेवारी 2025

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तब्येती कळतात गं, पण घर कळत नाही. सविस्तर लिही." म्हणून आज वही काढली. फोनवर आपलं बोलणं नेहमी घाईचंच होतं. माझं आवरून मी टेकते रात्री नऊला, तेव्हा मेलबर्नला अडीच वाजलेले. आणि तू सकाळचा चहा ठेवतेस तेव्हा आम्ही गाढ झोपेत. पत्राला ती अडचण नाही. आज पोरगी टेस्टला गेलीय, हे जेवून आडवे झालेत, आत्याबाई ओसरीवर उन्हाला पाय करून तुरीच्या शेंगा सोलूलालेत. तेवढ्या वेळात होईल तेवढं लिहिते.

पाण्यापासून सुरू करते, कारण आमच्या घराचा दिवस तिथूनच ठरतो. नळ अजूनही रोज येत नाहीत. दिवस ठरलेला असतो, वेळ मागंपुढं होते. "नळ आले" अशी हाक गल्लीत पडली की हातातलं काम तिथंच ठेवून सगळे उठतात. हे मोटर लावतात, पोरगी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक फिरवते, मी पिण्याची भांडी भरते. हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायचं काम आत्याबाईंचं. ते त्या अजून कुणाला करू देत नाहीत. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग हौद, आणि एवढं होऊन नळाला धार असलीच तर अंगण. वापरायला बोअर आहे, पण बोअरच्या जड पाण्यात डाळ काही केल्या मऊ होत नाही. तुरीच्या डाळीच्या गावात राहून वरण दाताखाली यावं, हे आत्याबाईंना मुळीच खपत नाही. तांदळाचं धुवण तुळशीला जातं, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. तुझ्याकडं नळ सोडला की पाणी येतं आणि येतच राहतं, हे पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मावशी दिवसभर करते काय?"

वरची खोली यंदा दोन पोरींना दिलीय. एक जिंतूरकडची, एक कंधारची. दोघी आमच्या पोरीसारख्याच बारावीला, दोघींना डॉक्टर व्हायचंय. डबा मीच देते, त्यामुळं स्वयंपाक सहा माणसांचा. सकाळी सुशीला नाहीतर धपाटे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री वरणभात, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. कंधारची पोरगी येसराच्या आमटीवर इतकी खूश असते की तिच्या आईनं मला स्वतःच्या हातचं येसर करून पाठवलं. तू गेलीस तेव्हा लातूर पॅटर्न म्हणजे शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीतली लातूरची नावं. ती यादी बोर्डानं केव्हाच बंद केली. आता सगळा जोर नीटवर, 720 मार्कांच्या एका पेपरवर. संध्याकाळी ट्यूशन एरियात क्लास सुटले की सायकली आणि स्कूट्यांचा लोंढा निघतो, रस्ता ओलांडायला थांबून राहावं लागतं. नांदेड, परभणी, बीड, हिंगोली, कुठून कुठून लेकरं आलेली असतात. कितीतरी जणांच्या आया गाव सोडून इथं भाड्याच्या खोलीत स्वयंपाकाला येऊन राहिल्यात. बाप गावाकडं शेत बघतो, आई इथं लेकराला बघते. या बायकांविषयी कुणी कुठं लिहीत नाही, याचं मला फार वाटतं. लातूरचा निकाल म्हणून जे पेपरात छापून येतं, त्यातलं निम्मं श्रेय त्यांच्या चुलीला द्यायला हवं.

काल गोलाईत जाऊन आले. संक्रांत 14 तारखेला, त्याच्या आदल्या दिवशी भोगी. म्हणजे सुगडी, तीळ, गूळ, वाणाचं सामान, सगळं आताच आणायला हवं. गंजगोलाई तू सोडून गेलीस तशीच आहे. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती 1917 सालची ती गोल दुमजली इमारत, आणि तिच्यापासून फुटलेले सोळा रस्ते. आठवतं का, लहानपणी आपल्या आया बजावायच्या, "हात सुटला तर हिकडंतिकडं पळू नका, देवळापाशी थांबा"? गोल फिरताना कुठली लाइन कुठं गेली हे कळायचंच नाही. मला मात्र वासावरून कळायचं. मिरचीच्या बाजूला ठसका लागायचा, गुळाच्या बाजूला गोड जड वास, चपलांच्या बाजूला नव्या कातड्याचा, आणि सराफ्यात कसलाच नाही. अजून तसंच आहे. पोरगी म्हणते, "आई, तीळ घरबसल्या येतात." येत असतील. पण तीळ तळहातावर चोळून बघावा, दुकानदारानं गुळाची ढेप फोडून तुकडा हातावर ठेवावा, शेजारी उभ्या असलेल्या बाईनं "तुमच्याकडं कितीला दिला हो?" म्हणून विचारावं, हे घरबसल्या कुठून येणार? घराची यादी आणि गावची खबर एकाच फेरीत पुरी होते, म्हणून मला गोलाई प्रिय आहे. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाच्या घरी सून आली, कुणाला पुण्याच्या दवाखान्यात नेलंय, सगळं तिथं कळतं. तुझ्या माहेरच्या शेजारणीही भेटल्या, तुझी चौकशी केली.

येताना गिरणीतून टाळकी जवारीचं दळण, आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या, ह्यांची शिवायला टाकलेली चप्पल आणि टीव्हीचा रिचार्ज. पूर्वी केबलवाला महिन्याला घरी यायचा, चहा घेऊन पैसे न्यायचा. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या नियमानं वाहिन्या निवडून त्याचेच पैसे भरायचे असं झालं, तेव्हा आम्ही चौघं समोरासमोर बसून यादी केली होती. मामांजी तेव्हा होते. त्यांनी बातम्या आणि कीर्तन मागितलं, आत्याबाईंनी मराठी मालिका, ह्यांनी क्रिकेट. मी म्हणाले, तुम्ही बघाल ते मी बघेन. मामांजी गेले, पण त्यांची कीर्तनाची वाहिनी आम्ही अजून काढलेली नाही.

ह्यांचं मोंढ्यातलं काम चालू आहे, आडतीचा हिशेब तेच बघतात. यंदा सोयाबीननं शेतकऱ्याला रडवलं. हमीभाव 4,892 रुपये क्विंटल, आणि सौद्यात भाव निघतो तो त्याच्या बराच खाली. माणूस पोती घेऊन येतो, भाव ऐकतो, आणि परत न्यायचं भाडं परवडत नाही म्हणून देऊन टाकतो. आता तुरीची आवक सुरू होईल, तिचा हमीभाव 7,550. तिथं तरी हाताला काही लागावं. ह्यांना दिवसभर ते चेहरे बघावे लागतात. संध्याकाळी घरी आले की अर्धा तास आम्ही कुणी त्यांना काही विचारत नाही. हातपाय धुणं, चहा, मग सह्याद्रीवर सातच्या बातम्या. बातम्या संपल्या की ते आपणहून बोलायला लागतात.

आणि आता तो विषय, ज्याच्यासाठी खरं तर वही काढली.

घरात बारावीचं लेकरू असलं की टीव्ही बंद करायचा, हा लातुरात जवळजवळ नियमच झालाय. कुणी केबल तोडतात, कुणी टीव्हीवर चादर टाकतात, एका घरी तर टीव्ही बांधून गावाकडं धाडला. पाहुणे यायचे बंद, मोठ्यानं हसायचं बंद, लग्नकार्याला जायचं बंद. जूनमध्ये आमच्याकडंही तेच सुरू झालं. नणंदबाई म्हणाल्या, "वर्षभराचा तर प्रश्न आहे." शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाचं उदाहरण दिलं. हेही म्हणाले, काढून टाकू. पोरगी काहीच बोलली नाही. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "काढा माय. माझं काय, मी जप करत बसेन." आणि उठून आत गेल्या.

मंगल, त्यांची पंचाहत्तरी उलटलीय. गुडघे धरतात, देवळापर्यंत जाणं होत नाही. मामांजी गेल्यावर दिवसातला एकच तास त्या वाट बघत असतात. तो तास काढून घेऊन जर पोरगी डॉक्टर होणार असेल, तर ती म्हाताऱ्या माणसांची कसली डॉक्टर होणार? मी ठाम सांगितलं, टीव्ही राहील. दिवसभर बंद, सातला बातम्या, आणि रात्री आठ ते नऊ. त्या तासात सगळ्यांची जेवणं एकाच खोलीत, सगळ्यांचे फोन कपाटात, वरच्या पोरींचेसुद्धा. सव्वानऊला ज्यानं त्यानं आपल्या पुस्तकाकडं जावं. नणंदबाई थोडे दिवस अबोला धरून होत्या. पण दिवाळीला आल्या तेव्हा त्याही आमच्यासोबत ताट घेऊन तिथंच बसल्या.

सध्या त्या तासाची ओढाताण चाललीय. 23 डिसेंबरपासून झी मराठीवर 'लक्ष्मी निवास' सुरू झालं, आठ ते नऊ असा भरगच्च तास. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी, म्हातारपणाकडं झुकलेलं जोडपं, आयुष्यभर स्वतःच्या घराचं स्वप्न बघणारं. आत्याबाई दोन दिवसांत त्यात गुंतल्या. आपलं घरही असंच बांधलेलं ना, आधी दोन खोल्या, मग पत्र्याचं स्वयंपाकघर, मग स्लॅब, मग वरची खोली. आणि साडेआठला स्टार प्रवाहवर 'ठरलं तर मग', ते तर 2022 च्या डिसेंबरपासून चालूच आहे, पोरींना जुई गडकरीची सायली सोडवत नाही. शेवटी पोरीनं तोडगा काढला: साडेआठपर्यंत आज्जीचं, साडेआठनंतर आमचं, आणि आज्जीचा राहिलेला अर्धा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी. दुपारी आम्ही दोघीच असतो. मी भाजी निवडते, त्या बघतात आणि मधेमधे मला मागचं सांगतात.

आत्याबाई मालिका नुसती बघत नाहीत, तिच्यातल्या माणसांना दटावतात. "अगं माय, हीच खरी तन्वी हाय, त्या दुसरीला कशाला जवळ करूलालीस?" असं त्या टीव्हीला सांगतात आणि मग आमच्याकडं वळून "ऐकूलालेत का बघ" म्हणतात. कंधारची पोरगी तर त्यांच्याच शेजारी बसायला धडपडते. तिची आज्जी गावाकडं अशीच बोलते म्हणे.

या तासात मी एक गोष्ट बघितली. लेकराला समोर बसवून "अभ्यास कसा चाललाय" विचारलं तर ते "बरा" म्हणतं आणि विषय संपतो. पण सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं असली की त्याला बोलता येतं. नोव्हेंबरात पोरीचे एका टेस्टमध्ये मार्क फार खाली आले. आम्हाला काही बोलली नाही. जाहिराती लागल्या तेव्हा समोर बघतच आज्जीला म्हणाली, "आज्जी, फिजिक्स येतच नाही मला." आत्याबाईंना फिजिक्स कशाशी खातात ते ठाऊक नाही. त्यांनी तिच्या ताटात भाकरीचा चतकोर टाकला आणि म्हणाल्या, "न्हाई आलं तर उद्या येतंय. खा." त्या रात्री पोरगी झोपेपर्यंत माझ्याजवळ बसून बोलली. जिंतूरची पोरगी तर आल्यापासून मुकीच होती. मालिकेत आई लेकीला निरोप देते असं काहीतरी चाललं होतं, आणि ती एकदम रडायला लागली. गावाची, धाकट्या भावाची, आईची आठवण, सगळं बाहेर आलं. ती रात्र तिनं वरच्या खोलीत एकटीनं काढली असती तर? या शहरात किती लेकरं बंद दाराआड अशी रडत असतील, याचा विचार मनात आला की मला झोप लागत नाही. अभ्यासाला शांतता लागते हे खरं, पण घर गप्प झालं की लेकराच्या मनात काय चाललंय ते कळायची वाटच बंद होते.

आपणही असेच वाढलो ना. 1987 साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा वाड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढं सतरंज्या टाकून आपण सगळे बसायचो. तुझी आई आंघोळ घातल्याशिवाय तुला पाठवायची नाही. पुढं 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी आलं आणि 'आभाळमाया'नं आपल्या घरातल्या जेवणाच्या वेळाच बदलल्या. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा ई टीव्हीवर 'चार दिवस सासूचे' चालू होतं. रोहिणी हट्टंगडी सासू, कविता लाड सून. नवी सून आणि सासू, आम्ही दोघी ती मालिका शेजारी बसून बघायचो. एकमेकींशी काय बोलावं हे दोघींनाही कळत नव्हतं, तेव्हा आम्ही त्या दोघींविषयी बोललो. "सासूनं असं करू नये" हे आत्याबाई आधी म्हणाल्या, मी नाही. 2013 साली ती संपली, भाग तीन हजारांच्या वर गेले होते. तोवर आम्हाला बोलायला मालिकेची गरज उरली नव्हती.

टीव्हीवर आपलं लातूर मात्र दिसलं ते बहुतेक संकटातच. 30 सप्टेंबर 1993 आठवतो? विसर्जनाची रात्र, लोक मिरवणुकीतून येऊन नुकते पाठ टेकलेले, आणि 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, ती सगळी गावं आपण आधी नकाशावर बघितली नव्हती, ती टीव्हीवर दगडमातीचे ढीग होऊन दिसली. आपण किती तरी रात्री अंगणात झोपत होतो, तू मला घट्ट धरून. मग 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची पाळी आली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. तू तेव्हा घाबरून फोन केला होतास, तिकडच्या बातम्यांत लातूर स्टेशन बघून. गेल्या जूनमध्ये पुन्हा तसंच झालं. नीटच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव रोज बातम्यांत. पोरगी टीव्हीसमोर उभी राहून ऐकायची. "आई, आम्ही खरंच अभ्यास करतो गं," एवढंच म्हणाली. वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे घासणाऱ्या हजारो लेकरांना त्या नावाचा डाग उगीच सोसावा लागला, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात 'बिग बॉस मराठी'चं सूत्रसंचालन रितेश देशमुखकडं आलं तेव्हा आमच्या गल्लीत आनंद झाला. बाभळगावचा, विलासरावांचा मुलगा. आत्याबाईंना त्या घरातली भांडणं आवडत नाहीत, पण शनिवार-रविवारी तो आला की त्या पदर सावरून बसायच्या. विलासराव मुख्यमंत्री असताना मामांजींनी त्यांना मोंढ्यात जवळून बघितलं होतं, ती गोष्ट मग आम्हाला पुन्हा ऐकायला मिळायची. ऑक्टोबरात बारामती तालुक्यातला सूरज चव्हाण जिंकला, तेव्हा वरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. साध्या घरातला, गावाकडच्या बोलीत बोलणारा पोरगा जिंकला, याचं त्यांना अप्रूप.

त्यावरून मला वाटत आलंय ते सांगते. मालिकांतलं घर मुंबईचं असतं, पुण्याचं असतं, कोल्हापूर-साताऱ्याकडचा वाडाही असतो. लातूरचं, नांदेडचं, परभणीचं घर क्वचितच. आपल्यासारखं "करूलालाव" म्हणणारी नायिका मी अजून बघितली नाही. आमची बोली ऐकू आली तर ती नोकराच्या नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी. हे मला मान्य नाही. मालिकेतल्या घरात कधी नळ येत नाहीत, कुणी गिरणीत दळण नेत नाही, सोयाबीनचा भाव पडला म्हणून घरधनी अबोल होत नाही. कुणीतरी लिहावी ना अशी मालिका: वरच्या मजल्यावर दोन परक्या पोरी, खाली एक म्हातारी, मोंढ्यातून दमून येणारा माणूस, आणि "नळ आले" म्हणून पहाटे उठणारी गल्ली. त्यात कटकारस्थानं घालायची गरजच पडणार नाही, पाणी आणि परीक्षा यातच पुरेसं नाट्य आहे. तुझ्या धाकट्याला लिहायची आवड आहे म्हणतेस, तर त्याला सांग. मी हवी ती माहिती पुरवीन.

आता येळवस, आपली वेळ अमावस्या. गेल्या सोमवारी, 30 डिसेंबरला झाली. तुला काय सांगायचं, शहर नेहमीसारखं रिकामं झालं. जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी, क्लास बंद, गोलाई बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही वरच्या दोघींना घेऊन औशाकडच्या शेतात गेलो. ह्यांनी आणि दिरांनी आदल्या दिवशीच कडब्याची कोप घातली होती. पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवलेले, पूजा झाली, बिंदग्यातलं आंबील निघालं. भज्जीत यंदा सगळं पडलं होतं, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, पावटा, ताक आणि बेसन. उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या. जिंतूरच्या पोरीनं येळवस पहिल्यांदाच बघितली. त्यांच्याकडं नसते ना. ती म्हणाली, "काकू, अख्खं शहर असं शेतात येतं?" शेजारच्या बांधावरून अनोळखी माणसांनी हाक मारून तिला आंबील पाजलं. ज्याला शेत नाही त्यालाही या दिवशी कुणी ना कुणी घेऊन जातं. सांजेला कडब्याची पेटती पेंढी घेऊन दीर शिवाराला फेरी मारून आले. त्या दिवशी आठ वाजले, नऊ वाजले, कुणाला टीव्हीची आठवणही झाली नाही. आत्याबाई बैलगाडीच्या जुवाला टेकून पोरींना त्यांच्या माहेरच्या येळवशी सांगत बसल्या होत्या.

तू विचारलंस त्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात: माझी पाठ बरी आहे. शिलाई मशीन विकलं नाही. गच्चीवरची मोगऱ्याची कुंडी जगली. तुझ्या भावाची गाठ पडली नाही, पण घरी सगळे मजेत आहेत असं कळलं.

पोरीची बारावी 11 फेब्रुवारीला सुरू होतेय, नीट मे महिन्यात. तिला तुझ्या हातची दोन ओळींची चिठ्ठी पाठव. फोनवरचे आशीर्वाद ती ऐकते, पण कागदावरचं ती पुस्तकात जपून ठेवते. आत्याबाईंसाठी काही पाठवू नकोस, त्यांना फक्त तुझा आवाज ऐकायचाय. रविवारी दुपारी फोन कर, तेव्हा तुझी संध्याकाळ असते आणि आम्ही सगळे घरात असतो.

नवं कालनिर्णय भिंतीवर लावलंय, त्यात बघितलं. यंदाची येळवस 19 डिसेंबरला, शुक्रवारी आहे. तुमच्याकडं नाताळाच्या सुट्ट्या त्याच सुमारास लागतात, तर रजा आताच मागून ठेव आणि पोरांना घेऊन ये. मुंबईहून रात्रीची लातूर गाडी सकाळी पोचवते. स्टेशनवर घ्यायला आम्ही येऊ.

तुझी,
वर्षा